दून खोऱ्यातील चुनखडकाच्या खाणी व भूमि-उद्धरण

हिमालयाच्या पायथ्याशी, मसूरी पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर विसाव्या शतकात चाललेले चुनखडकाचे खाणकाम आणि त्यामुळे उजाड झालेली जमीन पुन्हा सावरण्यासाठी झालेले कार्य. हा प्रदेश पूर्वी उत्तर प्रदेश राज्यात होता; २००० सालापासून तो उत्तराखंड राज्यात आहे. येथील खाणींवरून सर्वोच्च न्यायालयात १९८३ साली सुरू झालेला खटला हा पर्यावरण व परिसराचे संतुलन यांविषयीचा देशातील पहिला खटला होय, असे खुद्द न्यायालयानेच नमूद केले आहे. खटल्याचे हे महत्त्व सर्वपरिचित आहे. त्या मानाने त्यामागील तांत्रिक प्रश्न दुर्लक्षित राहिला. खाण कोणत्या क्रमाने खोदावयाची आणि खोदून झालेला भाग केव्हा सावरावयाचा हे पट्टा देतानाच ठरविले नाही, तर पुढे कोणत्याही खर्चाने त्याची पूर्ण भरपाई होत नाही, हे दून खोऱ्यात प्रत्यक्ष दिसून आले.

डेहराडूनचे खोरे उत्तरेस मसूरी रांग व दक्षिणेस शिवालिक टेकड्या यांच्या दरम्यान असून त्याच्या आग्नेयीस गंगा व वायव्येस यमुना वाहते. मसूरी रांगेत क्रोल या नावाने ओळखला जाणारा खडकसमूह उघडा पडला असून त्याच्या वरच्या भागात चुनखडक व डोलोमाइट यांचे जाड थर आहेत. त्यांपैकी काही थरांतील चुनखडक अतिशय शुद्ध असून त्यात कॅल्शियम कार्बोनेटाचे प्रमाण ९५ टक्क्यांहूनही अधिक आढळते. असा दगड साखर शुद्ध करणे, पोलाद तयार करणे, कॅल्शियम कार्बाइड व इतर रसायने, कागद इ. उद्योगांना लागतो. बांधकामाच्या चुन्यासाठी तर तो पूर्वापार भाजला जात असे.

याच चुनखडकाचे दुसरे कार्य खोऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. चुनखडकात तडे, भेगा व पाण्यात खडक विरघळून झालेल्या पोकळ्या असतात. डेहराडून येथे वर्षाकाठी सु. २०० सेंमी. पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे पाणी झाडीने आच्छादलेल्या माथ्यावर मुरते, खडकातील भेगांत साठते आणि उतारावरील झऱ्यांवाटे हिवाळ्यात व उन्हाळ्यात हळूहळू बाहेर येते. बलदी नदीकाठच्या सहस्रधारा या स्थळाचे नावच अशा पाझरांवरून पडले आहे. खोऱ्यातील जुने कालवे, बासमती तांदळाची व लिचीची शेती, तसेच डेहराडून व मसूरी या शहरांचे पिण्याचे पाणी, ही सर्व या झऱ्यांवर व त्यांतून निघणाऱ्या ओढ्यांवर अवलंबून होती. म्हणजे जो थर खाणमालकाला विक्रीचा माल वाटे, तोच खालच्या गावांचा पाणीसाठा होता. शिवाय या रांगेच्या पायथ्यातून मुख्य सीमा विभंग (ज्याला अनुसरून हिमालयातील जुने खडक दक्षिणेकडील नव्या खडकांवर सरकले आहेत तो मोठा भंग) गेलेला असल्याने येथील खडक चुरडलेले व ठिसूळ आहेत. तीव्र उतार, भंगलेला खडक व मुसळधार पाऊस एकत्र आल्यामुळे दरडी कोसळण्याचा धोका येथे खाणी नसतानाही होता.

टप्पेवार खाणकाम : डोंगरउतारावरील चुनखडक उघड्या खाणीने काढावयाचा असेल, तर काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे लागते. प्रथम माथ्यापर्यंत रस्ता करून वरची माती खरवडून वेगळी साठवितात. नंतर खडक पायऱ्यापायऱ्यांनी कापतात. पायरीची रुंदी तिच्या उंचीपेक्षा कमी ठेवीत नाहीत; त्यामुळे सुटलेला दगड खाली न घरंगळता पायरीवरच अडतो आणि यंत्रांना व माणसांना उभे राहण्यास जागा मिळते. निरुपयोगी दगड व मुरूम टाकण्यासाठी आधीच जागा निवडून तिच्या पायथ्याशी भिंत बांधतात व पावसाचे पाणी खाणीबाहेरून वळविण्यासाठी चर खणतात. वरची पायरी संपली, की तिच्यावर राखून ठेवलेली माती पसरून गवत व झाडे लावतात आणि मगच खालची पायरी रुंदावतात. एखाद्या पट्ट्याची मुदत वीस वर्षांची असेल व त्याचे पाच-पाच वर्षांचे चार टप्पे पाडले, तर कोणत्याही वेळी एकच भाग उघडा राहतो, त्याच्या अलीकडचा भाग सावरला जात असतो आणि पुढील भागावरील झाडी शाबूत असते. या पद्धतीत उत्पन्न उशिरा सुरू होते. माथ्यापर्यंतचा रस्ता, भिंती व चर यांचा खर्च पहिला दगड विकला जाण्यापूर्वीच करावा लागतो. लहान पट्टेदारांना ही पद्धत नकोशी वाटण्याचे मुख्य कारण हेच आहे.

दून खोऱ्यात प्रत्यक्षात याच्या नेमके उलट घडले. चुना भाजण्यासाठी दगड काढण्याचे काम येथे पूर्वीपासून लहान प्रमाणावर चालत असे. स्वातंत्र्योत्तर काळात साखर, पोलाद व रसायन उद्योग वाढले तशी मागणी वाढली आणि १९६२ साली राज्य शासनाने अनेक खाणींचे पट्टे वीस वर्षांच्या मुदतीने दिले. पट्टे लहान लहान होते. जेथपर्यंत मोटाररस्ता पोहोचे तेथून, म्हणजे बहुधा उताराच्या मध्यापासून किंवा पायथ्यापासून सुरुंग लावून दगड पाडीत. खालचा आधार गेला की वरचा भाग आपोआप कोसळे. दगड काढण्याची ती सर्वांत स्वस्त रीत होती. चांगला दगड निवडून घेतल्यावर उरलेला चुरा, कनिष्ठ दगड व माती उतारावरून खाली ढकलून देत. माती वेगळी राखण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण चुऱ्याबरोबर तीही जात होती.

याला कायद्याची आडकाठी का झाली नाही, हे पाहण्यासारखे आहे. खाणी व खनिजे यांविषयीचा १९५७ चा अधिनियम त्या वेळी मुख्यतः पट्टे कोणाला व कोणत्या अटींवर द्यावयाचे आणि स्वामित्वशुल्क किती घ्यावयाचे यांसंबंधी होता. पायऱ्यांची उंची व रुंदी यांविषयीचे नियम १९६१ च्या धातुक खाणींच्या विनियमांत होते. पण ते मजुरांच्या सुरक्षिततेसाठी केलेले होते. खाणीच्या हद्दीबाहेर, उताराच्या खाली ज्याचे शेत आहे त्याचा विचार या दोहोंपैकी कोणत्याही नियमावलीत नव्हता. खाण बंद झाल्यावर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न तर कोणी विचारलाच नव्हता.

परिणाम वीस वर्षांत दिसू लागले. पावसाळ्यात चुऱ्याचे ढीग ओढ्यांत उतरत आणि तेथून नद्यांच्या पात्रांत पसरत. पात्रे उथळ होऊन रुंदावली व काठची शेते दगडगोट्यांखाली गेली. कालव्यांची तोंडे गाळाने भरू लागली. वरचा मुरवण थर गेल्यामुळे पाऊस पडताच पाणी लोंढ्याने वाहून जाई आणि नोव्हेंबरनंतर झरे आटत. पाण्यासाठी डोंगरातील स्त्रियांना अधिकाधिक लांब जावे लागे. चारा व सरपण देणारे उतारही याच काळात उघडे पडले. सुरुंगांनी सैल झालेल्या उतारांवरून रस्त्यांवर दरडी येत. मसूरीसारख्या पर्यटनस्थळाच्या हद्दीतही खाणी चालू असल्याने उघडे पांढरे डाग खोऱ्यातून दुरूनही दिसत आणि बहुधा त्यामुळेच शहरी नागरिकांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. गावकऱ्यांची गाऱ्हाणी त्याआधीची होती.

न्यायालयीन इतिहास : पट्ट्यांची मुदत १९८२ साली संपली. राज्य शासनाने परिसराच्या नाशाचे कारण देऊन बहुतेक पट्ट्यांचे नूतनीकरण नाकारले; परंतु खाणमालकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि काम चालू राहिले. डेहराडून येथील रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र या संस्थेने २ जुलै १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहून बेकायदेशीर व बेसुमार खाणकामाबद्दल तक्रार केली. न्यायालयाने हे पत्रच रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले. खाणींची पाहणी करण्यासाठी ऑगस्ट १९८३ मध्ये डी. एन्. भार्गव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. भार्गव हे नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण केंद्राचे (इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचे) प्रमुख होते. समितीने खाणींचे तीन गट पाडले. अ गटात परिणाम तुलनेने कमी असलेल्या खाणी, ब गटात तो अधिक असलेल्या आणि क गटात ताबडतोब बंद कराव्यात अशा खाणी होत्या.

न्या. पी. एन्. भगवती, न्या. अमरेंद्रनाथ सेन व न्या. रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने १२ मार्च १९८५ रोजी आदेश दिला. क गटातील आणि मसूरी शहराच्या हद्दीतील खाणी कायमच्या बंद करण्यात आल्या. उरलेल्यांपैकी ज्यांना काम करावयाचे होते त्यांनी परिसराचे नुकसान न होता खाण कशी चालविता येईल याची योजना सादर करावी आणि ती एका उच्चाधिकार समितीने तपासावी, असे ठरले. या आदेशातील हा भाग फारसा उद्धृत केला जात नाही. तथापि खाणीची रीतसर योजना पट्टेदाराकडून मागण्याची पद्धत देशाच्या खाणकायद्यात येण्यापूर्वी ती येथे न्यायालयाने मागितली, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्या पट्ट्यांना वीस वर्षांपूर्वीच अशी योजना जोडावयास हवी होती, त्यांच्यासाठी ती आता उद्ध्वस्त उतारावर बसून तयार करावी लागत होती. पायथ्याकडून कुरतडलेल्या कड्यावर माथ्याकडून पायऱ्या पाडणे बहुतेक ठिकाणी शक्यच उरले नव्हते. ३० ऑगस्ट १९८८ च्या निर्णयानुसार तीन खाणी वगळता खोऱ्यातील सर्व चुनखडकाच्या खाणी बंद झाल्या. चालू राहिलेल्यांपैकी लंबीधार येथील खाण राज्य शासनाच्या खनिज विकास महामंडळाची होती. या निर्णयात १९८० च्या वन संरक्षण अधिनियमाचा आधार घेण्यात आला व पुढील देखरेखीसाठी समिती नेमण्यात आली.

खाणी बंद होण्याची किंमत कोणी मोजली याचाही विचार करणे आवश्यक आहे. खाणमालकांना इतरत्र पट्टे देताना अग्रक्रम देण्याचे सुचविण्यात आले. मजुरांना परिसरातील वनरोपण व मृत्संधारण यांच्या कामात शक्य तितक्या लवकर सामावून घ्यावे, असे न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले होते. त्यामागील कल्पना योग्य होती. मात्र दगड फोडण्याची मजुरी रोजची असते, रोपे लावण्याचे काम हंगामी असते. चुनाभट्ट्या, मालमोटारी व खाणी यांवर पोट असलेल्या कुटुंबांना हा फरक जाणवणे अपरिहार्य होते.

भूमि-उद्धरण : उद्ध्वस्त उतार सावरण्याचे काम खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच सुरू झाले होते. निवृत्त सैनिकांची भरती केलेली प्रादेशिक सेनेची १२७ वी पायदळ पलटण (गढवाल रायफल्स) ही परिसर संरक्षण दल म्हणून १९८२ साली डेहराडून येथे उभारण्यात आली. तिने मसूरीच्या उतारांवर मोठ्या प्रमाणावर वृक्षारोपण केले. खाणींनी खराब झालेल्या जमिनीवरचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग मात्र डेहराडूनच्या केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेने सहस्रधारा येथे १९८४ पासून केला. त्यासाठी सु. ६४ हेक्टरांचे एक पाणलोट क्षेत्र निवडण्यात आले होते.

खाणीच्या चुऱ्यावर झाडे लावणे हे पडीक जमिनीवर झाडे लावण्यासारखे नसते. चुऱ्यात माती अशी नसतेच. नत्र व फॉस्फरस अत्यल्प असतात, चुन्यामुळे विक्रिया अल्कधर्मी असते, पाणी क्षणभरही टिकत नाही आणि पहिल्याच पावसात सर्व ढीग रोपांसकट खाली सरकतो. म्हणून येथे प्रथम झाडांऐवजी दगड स्थिर करण्याकडे लक्ष देण्यात आले. ओढ्यांच्या पात्रांत तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बंधारे एकाखाली एक बांधले गेले. असा बंधारा थोडा वाकतो, खचतो, पण फुटत नाही. त्यातून पाणी झिरपून जाते व दगडगाळ मागे साठून पात्राचा उतार कमी होतो. अधिक सैल उतारांवर लाकडी ओंडक्यांचे चौकटीवजा आधार उभारून त्यांत दगड भरले. नंतर उतारांवर तागाची जाळी अंथरून तिच्या खाली गवताचे आच्छादन घालण्यात आले. ही जाळी काही वर्षांत कुजून जाते, परंतु तोवर तिच्या छिद्रांतून गवत रुजलेले असते.

त्यानंतर वनस्पतींची पाळी आली. येथेही क्रम महत्त्वाचा होता. आरंभी भाबर, कास, नळ यांसारखी चिवट मुळांची गवते लावण्यात आली. त्यांच्याबरोबर निर्गुडी व बेशरम यांची छाटे सरळ चुऱ्यात रोवली. गुरे खात नाहीत आणि छाटांपासून सहज फुटतात, या दोन गुणांमुळे या साध्या झुडपांचा येथे फार उपयोग झाला. ओढ्याकाठी वाळुंज, तर उतार स्थिर झाल्यावर खैर, शिसू, सुबाभूळ इ. वृक्ष लावले गेले. सु. दहा वर्षांच्या मोजणीत आढळलेले फरक बोलके आहेत. वनस्पतींचे आच्छादन सु. १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत गेले. पावसाच्या पाण्यापैकी ५७ टक्के पाणी वाहून जात असे, ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. दर हेक्टरी वर्षाला सु. ५५० टन दगडगाळ वाहून जात होता, तो १० टनांहूनही कमी झाला. पावसाळ्यानंतर ओढा सु. ६० दिवस वाहत असे, तो २४० दिवसांपर्यंत वाहू लागला. खालच्या गावांच्या दृष्टीने यांतील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा होय.

या यशाचा अर्थ मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवा. गाळ थांबला, झाडी आली व पाणी मुरू लागले, हे खरे. परंतु पाणी धरून ठेवणारा चुनखडक जेथून काढून नेला तेथे तो परत आलेला नाही. उभे कातळकडे उघडेच राहिले, कारण त्यांवर मुळांना आधार नाही. बेशरम, सुबाभूळ यांसारख्या परदेशी वनस्पतींनी जमीन लवकर झाकली, पण मसूरीच्या उतारावरील मूळचे बांज व इतर वृक्षांचे वन त्यांमुळे निर्माण झाले असे म्हणता येत नाही. राखून ठेवलेली माती असती तर यांपैकी पुष्कळसे काम कितीतरी स्वस्तात झाले असते.

खाणीचा तळ सपाट असल्यास काम संपल्यावरही जमीन सावरता येते, याचे प्रसिद्ध उदाहरण केन्या देशातील मोंबासाजवळ बांबुरी येथे आहे. तेथे सिमेंटच्या कारखान्यासाठी प्राचीन प्रवाळखडकापासून बनलेला चुनखडक काढून झाल्यावर मागे उघडा, क्षारयुक्त पाण्यालगतचा तळ उरला होता. रेने हॉलर या कृषितज्ज्ञाने १९७१ पासून तेथे २६ जातींची झाडे लावून पाहिली. त्यांपैकी मोजक्याच जाती टिकल्या व त्यांत कोकणच्या किनाऱ्यावर सर्वपरिचित असलेला सुरू हा वृक्ष प्रमुख होता. सुरूच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणारे सूक्ष्मजीव असतात. त्याच्या गळलेल्या काड्या मात्र कुजत नव्हत्या. स्थानिक वाणी जातीचे किडे आणून सोडल्यावर त्यांनी त्या खाऊन माती तयार केली. बांबुरीला पाऊस तळ धुऊन नेत नव्हता आणि खाली कोणाचे शेतही नव्हते. म्हणून तेथे चुका करीत शिकण्यास वेळ मिळाला. दूनच्या उतारावर तशी सवड नव्हती.

नंतरचे कायदे : १९५७ च्या अधिनियमात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने मान्य खाण-योजनेशिवाय पट्टा देता येणार नाही, अशी तरतूद झाली. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची माती वेगळी साठविणे, निरुपयोगी दगडाचे ढीग बांधीव जागी ठेवणे आणि जमिनीचे उद्धरण टप्प्याटप्प्याने करून ते खाण सोडण्यापूर्वी पूर्ण करणे, या गोष्टी पट्टेदारावर बंधनकारक झाल्या. दून खोऱ्यातील अंतिम निर्णय त्याच वर्षीचा आहे. २००३ पासून खाण चालू असतानाच क्रमाने बंद करण्याची योजना व तिच्यासाठी आर्थिक हमी देणे आवश्यक झाले. मोठ्या खाणींसाठी ही हमी हेक्टरी २५,००० रुपये होती. ती २०१७ साली ३ लाख व २०२१ साली ५ लाख रुपये करण्यात आली. सुरुवातीची रक्कम जमीन सावरण्याच्या खऱ्या खर्चाच्या मानाने किती अपुरी होती, हे या वाढीवरूनच कळून येते.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व कोरपना आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी या तालुक्यांत पैनगंगा गटाचे चुनखडक सिमेंटसाठी काढले जातात. तेथे डोंगर नाही. चुनखडकावर काळी माती असते व खाण जमिनीखाली खोल जाते. दगड नेल्यामुळे खड्डा पूर्ण भरण्याइतके साहित्य उरत नाही आणि शेवटी तलाव राहतो. म्हणून तेथील योजनेत काळी माती आरंभीच वेगळी काढून, ती जिवंत आहे तोवर ढिगांवर व कडेच्या पट्ट्यांवर पसरणे याला सर्वाधिक महत्त्व येते. फार काळ उंच ढिगात पडून राहिलेल्या मातीची सुपीकता घटते. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार खाणकाम संपलेल्या जमिनीवर चारा व इतर वनस्पती उगवू शकतील अशा रीतीने पुन्हा गवत लावणे, ही अट देशातील सर्व खाणपट्ट्यांना घालण्यात आली असून तिचा खर्च पट्टेदाराने सोसावयाचा आहे.